परदेशात माल पाठवायचाय? फ्रेट फॉरवर्डर कसा निवडायचा: बुलढाण्याच्या गोदामापासून परदेशी ग्राहकाच्या दारापर्यंत

इन्स्टाग्रामवर कुरडया-पापडाची रील टाकली आणि दुबईतून मेसेज आला, "पन्नास किलो पाठवाल का?" हे आता चिखली, मेहकर किंवा नांदुऱ्यात बसूनही होऊ शकतं. ऑर्डर फोनवर मिळते, पैसेही बँकेत येतात. पण माल प्रत्यक्ष समुद्र ओलांडून जावा लागतो आणि तिथे बऱ्याच नवख्या निर्यातदारांची पहिली ऑर्डरच शेवटची ठरते. कारण एकच, "सगळं आम्ही बघतो" म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला काम दिलेलं असतं.

बचत गट असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की घरचा छोटा व्यवसाय, पहिल्या खेपेत घरचेच पैसे अडकलेले असतात. म्हणून फ्रेट फॉरवर्डर म्हणजे कोण, तो कसा निवडायचा आणि त्याची खात्री फोनवरून कशी करायची, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहूया.

आधी एक गोष्ट पक्की करा

आपण रेट विचारतो आणि जो स्वस्त त्याला हो म्हणतो. पण मालवाहतुकीत तुम्ही नुसतं भाडं देत नसता, तुम्ही जबाबदारी विकत घेत असता. माल कुठून कुठपर्यंत, कोणाच्या ताब्यात आणि कोणाच्या कागदावर आहे, हे ज्याच्या कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं तो चांगला पार्टनर. ज्याच्या कोटेशनमध्ये फक्त एक आकडा असतो, त्याच्याकडे बाकीचे आकडे नंतर निघतात.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि वऱ्हाडाच्या कापसाला मागणी आली. खामगाव ही त्या काळी वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. कापूस इथला, पण भाडं, जहाज आणि कागद सगळं दुसऱ्यांच्या हातात. शेतकऱ्याला पुढचं काही दिसतच नव्हतं. आज तेच सगळं तुमच्या फोनवर दिसू शकतं. फक्त काय बघायचं ते माहीत हवं.

कोण काय करतं?

सुरुवातीला सगळेच "एजंट" वाटतात. पण कामं वेगळी आहेत.

- शिपिंग लाइन: जहाज आणि कंटेनर चालवणारी कंपनी. छोट्या मालासाठी ती सहसा थेट तुमच्याशी बोलत नाही.
- फ्रेट फॉरवर्डर: जहाजात किंवा विमानात जागा घेऊन तुमच्या मालाची पूर्ण वाहतूक जुळवणारा. जहाज त्याचं नसतं.
- कस्टम ब्रोकर: याला बाजारात अजूनही सीएचए किंवा क्लिअरिंग एजंट म्हणतात. कस्टममध्ये तुमच्या वतीने शिपिंग बिल भरतो. त्यासाठी कस्टम खात्याचं लायसन्स लागतं.
- ट्रान्सपोर्टवाला: तुमच्या गोदामातून बंदरापर्यंत ट्रक नेणारा.

काही कंपन्या ही तीन-चार कामं एकाच छताखाली करतात, काही बाहेरून करून घेतात. बाहेरून करून घेण्यात गैर काही नाही. पण कोणतं काम कोण करणार, ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे.

बुलढाण्यातून माल कोणत्या रस्त्याने जातो?

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. बुलढाणा शहराला तर रेल्वेही नाही. त्यामुळे बंदरापर्यंतचा प्रवास हा खर्चाचा मोठा भाग असतो. मुख्य रस्ते असे:

१. ट्रकने थेट न्हावा शेवा. उरणजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडचा बराचसा कंटेनर माल तिथूनच जातो. मेहकर, सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग मिळतो. ५ जून २०२५ पासून नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे असा ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव हे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहेत.

२. ड्राय पोर्टमार्गे. नागपूरच्या मिहानमध्ये आणि छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाड्याला इनलँड कंटेनर डेपो आहेत. तिथे कस्टमचं काम होऊन सीलबंद कंटेनर रेल्वेने बंदरावर जातो.

३. विमानाने. मुंबई किंवा नागपूर विमानतळावरून. महाग, पण नमुने आणि नाशवंत मालासाठी उपयोगी.

४. पोस्टाने. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. तिथे छोट्या पार्सलसाठी पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट ऑनलाइन भरता येतं. तुमच्या जवळचं केंद्र कोणतं, ते हेड पोस्ट ऑफिसात विचारा.

फॉरवर्डरला पहिला प्रश्न हाच करा: "आमच्या तालुक्यातून माल कोणत्या मार्गाने नेणार आणि का?" जो मुंबईत बसून "न्हावा शेवाला आणून द्या, पुढचं बघू" म्हणतो, त्याचा रेट स्वस्त दिसतो. कारण गोदामापासून बंदरापर्यंतचा ट्रक, हमाली आणि वाटेतली जोखीम तुमच्याकडेच राहिलेली असते.

किती मालाला कोणता पर्याय?

दहा-वीस किलोसाठी फॉरवर्डर शोधत बसू नका. पोस्ट किंवा आंतरराष्ट्रीय कुरिअर पुरेसं आहे. पण इथे एक हिशोब आलाच पाहिजे. कुरिअरवाले फक्त काट्यावरचं वजन बघत नाहीत, माल किती जागा खातो तेही बघतात. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि कुरिअरसाठी साधारण ५००० ने, एअर कार्गोसाठी ६००० ने भागायचं.

समजा, ५० × ४० × ४० सेंटिमीटरच्या खोक्यात तुम्ही कुरडया भरल्या. प्रत्यक्ष वजन ९ किलो. पण ८०,००० भागिले ५००० म्हणजे १६. बिल १६ किलोचं येणार! सात किलोचं भाडं तुम्ही हवेसाठी देताय. कुरडया-पापडासारख्या हलक्या मालात खोकं किती मापाचं आणि किती घट्ट भरलेलं, यावर नफा ठरतो. हळद किंवा मिरची पावडर जड असते. तिला हा फटका सहसा बसत नाही.

माल शेकडो किलोंत गेला की समुद्रमार्ग बघा. त्यात दोन प्रकार आहेत:

- एलसीएल: एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल. भाडं घनमीटरवर. एक घनमीटर किंवा १००० किलो, जे जास्त भरेल ते धरतात. एका घनमीटरपेक्षा कमी माल असला तरी बहुतेक ठिकाणी एका घनमीटरचं बिल लागतं. वरच्या मापाची १२-१३ खोकी म्हणजे एक घनमीटर.
- एफसीएल: पूर्ण कंटेनर तुमचा. वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते, पण खोकी रचताना ती पूर्ण भरत नाही.

एलसीएलमध्ये तुमच्या हळदीशेजारी कोणाचा माल आहे, हे तुमच्या हातात नसतं. वास आणि ओल पकडणाऱ्या खाद्यमालासाठी पॅकिंग चांगलं ठेवा. शेजारी रसायनं किंवा उग्र वासाचा माल नसेल ना, हे फॉरवर्डरला लेखी विचारा.

फॉरवर्डर नक्की कोण निवडणार? तुम्ही की ग्राहक?

हा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत आणि इथेच फसतात. सौद्यात इन्कोटर्म म्हणजे वाहतुकीची अट लिहिलेली असते. २०२० च्या नियमांत अशा ११ अटी आहेत. नवख्यांना या पाच कळल्या तरी बस:

- ईएक्सडब्ल्यू: ग्राहक तुमच्या दारातून माल नेतो.
- एफओबी: बंदरावर जहाजात माल चढेपर्यंत तुम्ही, पुढे ग्राहक. कंटेनरच्या मालासाठी खरं तर एफसीए ही अट जास्त योग्य मानतात, पण आपल्याकडे सर्रास एफओबीच लिहितात.
- सीआयएफ: परदेशी बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा तुमचा. जोखीम मात्र माल जहाजात चढला की ग्राहकाकडे जाते.
- डीएपी: ठरलेल्या पत्त्यापर्यंत तुम्ही, तिथला कर ग्राहकाचा.
- डीडीपी: तिथल्या करासकट सगळं तुमच्या डोक्यावर.

एफओबीमध्ये भाडं ग्राहक देतो, म्हणून फॉरवर्डरही तोच नेमतो. ऐकायला बरं वाटतं, खर्च वाचला! पण तो फॉरवर्डर ग्राहकाचा माणूस असतो. तुमचे पूर्ण पैसे यायच्या आधीच त्याने माल ग्राहकाला सोडला, तर तुमच्या हातात बिल ऑफ लेडिंगचा कागद आणि डोक्याला ताप उरतो. म्हणून ग्राहक नवा असेल तर दोनपैकी एक करा. एकतर पैसे आधी घ्या. नाहीतर सीआयएफवर सौदा करून फॉरवर्डर स्वतः निवडा. पैसे बुडण्याच्या जोखमीसाठी केंद्र सरकारच्या ईसीजीसी कंपनीचा विमाही मिळतो.

कोटेशन कसं वाचायचं?

कमीत कमी तिघांकडून कोटेशन घ्या आणि तिघांनाही एकच माहिती द्या: माल काय, एचएस कोड कोणता, खोकी किती, माप आणि वजन किती, कुठून कुठे, इन्कोटर्म कोणती. माहिती वेगळी दिली तर तुलना फसते.

कोटेशनचे तीन तुकडे करा: भारतातला खर्च, मधलं भाडं, तिकडचा खर्च. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी कल्पनेतले आहेत. दोन घनमीटर हळद पावडर, मेहकर ते दुबई:

- पहिला फॉरवर्डर: समुद्रभाडं १,००० रुपये. भारतातला खर्च १६,००० रुपये. दुबईतला खर्च २४,००० रुपये. एकूण ४१,००० रुपये.
- दुसरा फॉरवर्डर: समुद्रभाडं ८,००० रुपये. भारतातला खर्च १४,००० रुपये. दुबईतला खर्च १२,००० रुपये. एकूण ३४,००० रुपये.

पहिल्याने व्हॉट्सॲपवर "एक हजारात दुबई" असं टाकलं असणार. भाडं जवळपास फुकट दाखवायचं आणि कमाई तिकडच्या चार्जेसमधून काढायची, ही एलसीएलमधली नेहमीची पद्धत आहे. आणि तो तिकडचा खर्च तुमच्या ग्राहकाच्या अंगावर येतो. माल सोडवताना त्याला अनपेक्षित बिल आलं, की तो पुन्हा ऑर्डर देत नाही. तुम्हाला कारणही कळत नाही. म्हणून तिकडच्या चार्जेसची यादी आधीच लेखी मागा आणि ग्राहकाला पाठवा.

कोटेशनमध्ये हेही बघा: रेट कोणत्या तारखेपर्यंत चालेल, डॉलरचा दर कोणत्या दिवसाचा धरणार, जीएसटी धरून आहे की वेगळा, आणि "फ्री डेज" किती. ठरलेल्या मोफत दिवसांनंतर माल बंदरात पडून राहिला तर डेमरेज लागतं. कंटेनर परत करायला उशीर झाला तर डिटेन्शन. दोन्ही दिवसागणिक वाढतात. कागद चुकल्यामुळे माल अडकला, तर भाड्यापेक्षा हे बिल मोठं होऊ शकतं.

फोनवरून करायच्या पाच तपासण्या

१. जीएसटी नंबर. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून शोधता येतं. नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे का, ते जुळवा.

२. कस्टम ब्रोकरचं लायसन्स. लायसन्सची प्रत मागा, त्यावरचं नाव आणि मुदत बघा. कस्टम ब्रोकर लायसन्सिंग रेग्युलेशन्स, २०१८ नुसार ब्रोकरने ग्राहकाकडून अधिकारपत्र घेणं आणि त्याची ओळख, आयईसी, जीएसटी नंबर तपासणं बंधनकारक आहे. म्हणजे जो "केवायसीची काही गरज नाही" म्हणतो, तो तुमचं काम सोपं करत नाही. तो नियम मोडतोय.

३. एमटीओ नोंदणी. गोदामापासून परदेशापर्यंत रस्ता आणि समुद्र मिळून एकाच कागदावर जबाबदारी घ्यायची असेल, तर मल्टिमोडल वाहतुकीच्या १९९३ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती मुंबईतलं नौवहन महासंचालनालय करतं. प्रमाणपत्र मागा, मुदत बघा.

४. ऑफिस खरं आहे का? गूगल मॅप्सवर पत्ता बघा, लँडलाइनवर फोन करा, कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा ईमेल आहे का ते पाहा. फॉरवर्डर संघटनांचा, म्हणजे एफएफएफएआयशी जोडलेल्या संस्थेचा सभासद असेल तर चांगलं. पण नुसत्या लोगोवर विश्वास नको, सभासद यादीत नाव शोधा.

५. तुमच्यासारखा ग्राहक. "तुम्ही याआधी मसाले किंवा खाद्यमाल या देशात पाठवलाय का?" असं विचारा आणि अशा एका ग्राहकाशी बोलणं करून द्यायला सांगा. यंत्रांचे सुटे भाग पाठवण्यात तरबेज असलेल्या माणसाला हळदीची कागदपत्रं माहीत असतीलच असं नाही.

हा मेसेज कॉपी करून पाठवा

> नमस्कार. आम्हाला (माल) (वजन आणि माप) (तालुका) येथून (देश, शहर) येथे पाठवायचा आहे. कृपया लेखी कळवा: १) मार्ग आणि अंदाजे दिवस. २) भारतातला खर्च, भाडं आणि तिकडचा खर्च वेगवेगळा. ३) कस्टमचं काम कोण करणार, लायसन्स नंबर. ४) बिल ऑफ लेडिंग कोणाच्या नावाचं मिळेल, हाउस की मास्टर. ५) माल खराब झाला किंवा हरवला तर तुमची जबाबदारी किती. ६) फ्री डेज किती. ७) रेट कधीपर्यंत चालेल.

उत्तर किती वेळात आणि किती नीट येतं, हीसुद्धा परीक्षाच. पैसे मिळायच्या आधी जो प्रश्न टाळतो, तो पैसे मिळाल्यावर फोन उचलेल कशावरून?

चौथा मुद्दा थोडा समजून घेऊ. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल मिळाल्याची पावती, वाहतुकीचा करार आणि मालावरच्या हक्काचा कागद, तिन्ही एकत्र. आपल्याकडे याबाबतचा १८५६ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. शिपिंग लाइन देते ते मास्टर, फॉरवर्डर देतो ते हाउस. एलसीएलमध्ये तुम्हाला हाउसच मिळणार. फॉरवर्डरने पुढे लाइनचे पैसे थकवले, तर तुम्ही पूर्ण पैसे भरलेले असूनही माल अडकू शकतो. म्हणून फॉरवर्डर किती मजबूत आहे, याला एवढं महत्त्व.

विमा: इथे कंजूषी नको

"जबाबदारी आमची" या वाक्याला कायद्यात मर्यादा असते. वाहतूकदाराची भरपाई बहुतेक वेळा मालाच्या किमतीवर नाही, तर वजनावर किंवा पॅकेजवर मोजतात. महाग मालासाठी ती रक्कम फारच अपुरी पडते.

समुद्र कसा असतो ते अलीकडच्या दोन घटना सांगतात. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं. नंतर 'जनरल ॲव्हरेज' जाहीर झालं. म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चात मालवाल्यांनीही वाटा उचलायचा, आणि त्याची हमी दिल्याशिवाय माल मिळत नाही. मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा ३' हे जहाज सहाशेहून जास्त कंटेनरसह केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालं. विमा असेल तर अशा वेळी विमा कंपनी बघते. नसेल तर तुम्ही बघायचं.

सर्वसाधारण पद्धत अशी की सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांचा विमा काढतात. मालाची किंमत, भाडं आणि विमा मिळून दोन लाख असेल, तर विमा दोन लाख वीस हजारांचा. पॉलिसीत 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए' आहे का ते बघा, त्याचं संरक्षण सगळ्यात व्यापक असतं. 'क्लॉज सी' स्वस्त, पण बऱ्याच गोष्टी बाहेर ठेवतो. विमा गोदामापासून सुरू होतो की बंदरापासून, हेही विचारा. आपल्यासाठी घाट आणि महामार्गही जोखमीतच येतात.

माल निघाला, आता ट्रॅकिंग

फॉरवर्डरच्या "जहाज निघालं सर" या मेसेजवर थांबू नका. तीन नंबर मागून घ्या.

- शिपिंग बिल नंबर आणि तारीख: कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर टाकल्यावर बिल कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. न्हावा शेवाचा कोड आयएनएनएसए१. 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर' दिसली म्हणजे कस्टमने माल सोडला. त्यानंतर 'ईजीएम' भरलं गेलं का ते बघा. माल खरंच देशाबाहेर गेल्याची ती नोंद. ती चुकली तर जीएसटीचा परतावा अडकतो.
- कंटेनर नंबर: चार अक्षरं आणि सात अंक. शेवटचा अंक आधीच्या दहा खुणांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मनाने लिहिलेला नंबर बहुतेक वेळा तपासणीत पकडला जातो. हा नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर आणि सरकारी 'लॉजिस्टिक्स डेटा बँक'वर टाका. ही सेवा २०१६ मध्ये न्हावा शेवापासून सुरू झाली. कंटेनरवरच्या आरएफआयडी टॅगमुळे तो बंदर, टोलनाका, डेपो यांतून कधी गेला ते कळतं.
- बिल ऑफ लेडिंग नंबर: हाउस असेल तर फॉरवर्डरच्या साइटवर, मास्टर असेल तर लाइनच्या साइटवर.

उशीर झाला म्हणजे फसवणूकच असं नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. चांगला फॉरवर्डर हे तुम्ही विचारायच्या आधी सांगतो. ग्राहकाला तारीख देताना तुम्हीही हाताशी थोडे दिवस ठेवा.

तुमच्या बाजूने काय तयार हवं?

फॉरवर्डर कितीही चांगला असला तरी कागद तुमचेच. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपयांत निघतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अपडेट करायचा, नाहीतर बंद पडतो. बँकेचा एडी कोड आइसगेटवर नोंदवायचा. कर न भरता निर्यात करायची असेल तर जीएसटी पोर्टलवर दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी भरायचं. हळद, मिरचीसारख्या मसाल्यांसाठी स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी लागते. देऊळगावराजा, सिंदखेडराजा भागात बियाण्याचे प्लॉट खूप आहेत. बियाणं पाठवायचं तर फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. कोणत्या देशाला कोणती तपासणी आणि कसं लेबल लागतं, ते माल भरायच्या आधी ग्राहकाकडून लेखी घ्या.

या खुणा दिसल्या तर थांबा

- पैसे कंपनीच्या खात्यात नाही, कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागितले.
- बिलावर मालाची किंमत कमी लिहा किंवा "गिफ्ट" लिहा, असा सल्ला दिला. पकडलं तर नाव तुमचं असतं.
- "तुमचा आयईसी आम्हाला वापरू द्या, महिन्याला पैसे देतो" असं सांगितलं. कधीच देऊ नका. त्या कोडवर कोणीही काहीही पाठवलं तरी कस्टमची नोटीस तुमच्या घरी येईल.
- बिल ऑफ लेडिंगचा फक्त अर्धवट फोटो पाठवला, मूळ प्रत किंवा पूर्ण पीडीएफ देत नाही.
- बाकी सगळ्यांपेक्षा रेट निम्मा आणि "आजच बुक करा".

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकणाऱ्या भावाला फराळ पाठवायचाय. आयईसी लागेल का?
नाही. व्यापाराशी संबंध नसलेल्या वैयक्तिक वस्तूंना आयईसी लागत नाही. मात्र अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी बंद केली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याची अमेरिकेची पार्सल सेवाही काही आठवडे थांबली होती, ती १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. म्हणून पाठवण्याआधी कर किती आणि तो कोण भरणार, ते विचारून घ्या.

खामगावची चांदीची भांडी कुरिअरने जातील का?
बरेच कुरिअर मौल्यवान धातू घेत नाहीत. माल न सांगता पाठवला तर विमाही मिळत नाही. आधी लेखी होकार घ्या आणि पूर्ण किमतीचा विमा काढा.

स्थानिक एजंट चांगला की मुंबईची मोठी कंपनी?
मोठ्या कंपनीत छोटा ग्राहक रांगेत शेवटी उभा राहतो. छोट्या एजंटकडे लक्ष मिळतं, पण त्याची ताकद कमी असू शकते. वरच्या पाच तपासण्यांत जो पास होतो आणि तुमच्या मालाचा अनुभव ज्याला आहे, तो निवडा.

पहिल्याच वेळी मोठी ऑर्डर घ्यावी का?
शक्यतो नाही. आधी नमुना पोस्टाने किंवा कुरिअरने, मग छोटी एलसीएल खेप, मग पूर्ण कंटेनर. ग्राहक, फॉरवर्डर आणि तुमचं पॅकिंग, तिघांचीही परीक्षा कमी पैशात होते.

थोडक्यात

तीन कोटेशन घ्या आणि प्रत्येकाचे तीन तुकडे करा. जीएसटी, लायसन्स आणि नोंदणी फोनवर तपासा. नव्या ग्राहकाबरोबर फॉरवर्डर स्वतः निवडा. विमा काढा. शिपिंग बिल, कंटेनर आणि बिल ऑफ लेडिंग हे तिन्ही नंबर स्वतःकडे ठेवा. आणि प्रत्येक कोटेशनवर एकच प्रश्न विचारा: "या क्षणी माल कोणाच्या जबाबदारीत आहे?" ज्याच्याकडे गोदामापासून ग्राहकाच्या दारापर्यंत या प्रश्नाचं लेखी उत्तर आहे, त्याला काम द्या. दोन हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.